तळ्याकाठचा तंबू

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ह्यांनी पुण्याहून एक जुना लष्करी तंबू विकत आणला. हे बारामतीत गुरांचे डॉक्टर होते. साइडकार लावलेली एक मोटारसायकल त्यांच्याकडं आधीपासून होती. "कळसच्या पुढं माळावर एक तळं आहे," ते मला म्हणाले, "हरणं फिरतात तिथं. दोन दिवस रजा टाकतो. आपण दोघंच जाऊ."

माझं सासर भरल्या घराचं. 'दोघंच' हा शब्द मी आठवडाभर मनात घोळवत होते.

निघायच्या सकाळी बाहेर येऊन बघतो तर सासूबाई शाल गुंडाळून साइडकारमध्ये बसलेल्या. मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं.

"आई, तू?" हे म्हणाले.

"का? देवदर्शन सोडलं तर मी कधी कुठं गेलेय का? आता चला, ऊन व्हायच्या आत."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी गुपचूप मागच्या सीटवर बसले.

रस्ताभर धुरळा खात आम्ही दुपारी तळ्यावर पोचलो, आणि समोरचं दृश्य बघून माझा उरलासुरला उत्साहही मावळला. एका काठाला धनगरांची मेंढरं, दुसऱ्या काठाला भिगवणकडं निघालेलं वऱ्हाड. बैल सोडलेले, चुली पेटलेल्या, बायका धुणं धूत होत्या. आम्हाला बाभळीखाली जेमतेम तंबूपुरती जागा मिळाली.

तंबू उभा राहिला मात्र, जवळच्या वस्तीतले लोकही येऊन समोर बसायला लागले. एक पागोटेवाले म्हातारे पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "सायेब, आमच्या वाटंचं तेवढं बघा. पावसाळ्यात गाडी जात न्हाय."

हे गडबडले. "आबा, मी कुणी साहेब नाही. सहज फिरायला आलोय."

"फिरायला? आन् तंबू ठोकून?" आबांचा विश्वास बसेना. आजवर त्या माळावर तंबू पडला तो मामलेदाराचा, नाहीतर मोजणीवाल्यांचा.

"मी गुरांचा डॉक्टर आहे हो," हे म्हणाले.

तिथंच चुकलं. आबांचा चेहरा उजळला. "मग लईच बेस झालं! माझा बैल कालधरनं पाय टेकत न्हाय." त्यांच्यामागं कुणाची शेळी, कुणाची म्हैस. मी तंबूत जाऊन वळकटीवर बसले. रडू येईल असं वाटत होतं.

सासूबाई आत आल्या. माझ्याकडं क्षणभर बघितलं, मग ह्यांना आत बोलावून तंबूची मागची कनात वर उचलली. "जा दोघं. टेकाडामागं जाऊन या. मी बसते दारात."

"अगं आई, पण लोक..." हे म्हणाले.

"लोक कुठं पळून जात न्हाईत. जा म्हणते ना!"

आम्ही चोरासारखे वाकून बाहेर पडलो. टेकाड चढेपर्यंत मला हसू आवरत नव्हतं. पलीकडं पिवळ्या गवतात हरणांचा कळप चरत होता, पाठीवर ऊन घेत. आम्ही दगडाला टेकून बसलो. ह्यांनी शाळेतल्या गमती सांगितल्या, मी माहेरच्या. लग्न होऊन इतके महिने झाले होते, पण एवढं सलग आम्ही कधी बोललोच नव्हतो.

परतलो तेव्हा तंबूच्या दारात बायकांचा घोळका जमला होता. मधोमध सासूबाई, चहाचं आधण ठेवून. आबा जरा लांब, बैल धरून निवांत बसलेले.

"झाली का झोप, डाक्टरसायेब?" त्यांनी विचारलं.

"सायबाचा डोळा लागलाय म्हणून सांगितलं मी," सासूबाई मला हळूच म्हणाल्या.

ह्यांनी बाह्या सरसावल्या. बैलाच्या खुरात बाभळीचा काटा मोडला होता. तो काढला, औषध लावलं, मग एकेक जनावर तपासलं. मी पाणी तापवून देत होते. अंधार पडायच्या आत आमच्यापुढं दुधाचा तांब्या, हरभऱ्याच्या गड्ड्या आणि वऱ्हाडातले लाडू येऊन पडले होते.

जेवताना हे म्हणाले, "सकाळी लवकर निघू या आता. इथं काही उसंत मिळायची नाही."

"सकाळी कसं निघायचं?" सासूबाई भाकरी मोडत म्हणाल्या. "त्या धनगरीणबाईनं उद्या जेवायला बोलावलंय. मी हो म्हणून बसलेय."

मी ह्यांच्याआधी म्हणाले, "मग राहू या की!"

आणि आम्ही राहिलो.