नावापुढचं मयत

माझे लढाईचे बिल्ले एकदा माझ्या दारापर्यंत आले आणि परत गेले. ते बायकोनं घालवले, असं गावानं तिला मरेपर्यंत ऐकवलं. आता ती नाही. खरं काय झालं ते सांगायला मीच उरलोय, म्हणून लिहायला बसलो. लिहायला मला पलटणीत शिकवलं. अक्षर वाकडंतिकडं आहे, त्याला माझा इलाज नाही.

आमचं गाव निपाणीच्या अंगाला. जमीन थोडी, त्यात तंबाखू. पहिल्या लढाईच्या वेळी मी बेळगावच्या कॅम्पात भरती झालो आणि बोटीनं अरबांच्या मुलखात, बसऱ्याला गेलो. तिकडच्या शौर्याच्या गोष्टी माझ्याकडं नाहीत. ऊन, माश्या आणि गढूळ पाणी, एवढंच आठवतं. मांडीत गोळी घुसली, ती काढली, पाय आखूड झाला. लढाई संपल्यावर लंगडत घरी आलो. निघताना साहेबानं सांगितलं होतं, तुमचे बिल्ले मागनं टपालानं येतील. एक चांदीचा, एक काशाचा, आणि कडेला ज्याचं त्याचं नाव कोरलेलं.

आमच्या गावात दसऱ्याला सोनं लुटायला माळावर जातात. पुढं पालखी, मग पाटील, आणि लढाईहून आल्यापासून पाटलाच्या मागं बिल्लेवाले शिपाई चालायचे. तसा कुणी कायदा केला नव्हता, पण पडलं ते पडलं. गावचे दोघे-तिघे माझ्याबरोबर बसऱ्याला होते. त्यांचे बिल्ले आले. माझे आले नाहीत. मी वाजंत्र्यांच्या मागं, पोराबाळांत चालायचो.

"काय रं, तिकडं भाकऱ्या थापायला गेलतास काय?" असं एकजण दरसाल विचारायचा.

"व्हय, तुझ्या आईनं पीठ धाडलं नव्हतं, म्हणून उशीर झाला," मी म्हणायचो. लोक हसायचे. बायको बायकांच्या घोळक्यात असायची, ती हसायची नाही.

बिल्ले आलेच नाहीत, असं मी दोन-तीन दसरे धरून चाललो. पण ते आले होते.

ते आले त्या साली गावात उंदीर मरून पडायला लागले आणि सगळं गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिलं. प्लेगात आमच्याकडं तशीच रीत. ऊन आत जावं म्हणून घरांची कौलं उतरून ठेवायची, दार लावायचं आणि माळ गाठायचा. झोपड्याही लांब लांब, एकाची हाक दुसऱ्याला ऐकू जायची नाही. मी बैलगाडी घेऊन निपाणीला वखारीवर गेलो होतो. बायको झोपडीत एकटी, नवी नवी संसाराला लागलेली. तेवढ्यात टपालवाला आला. हा नवीन माणूस, गावाची त्याला माहिती नाही. त्याच्या हातात लहानसं पार्सल होतं, लाखेचा शिक्का मारलेलं.

हे सगळं मला तिनंच सांगितलंय, तेव्हा थोडं आणि नंतर कितीतरी वेळा. तिनं सांगितलं तसंच लिहितो.

"तुमच्या मालकाचं नाव काय?" त्यानं विचारलं.

"त्ये घरात न्हाईत," ती म्हणाली.

"घरात न्हाईत ते दिसतंय मला. नाव काय?"

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य तुटतं, असं तिला तिच्या आईनं शिकवलेलं, तिच्या आईला तिच्या आईनं. लग्नात, हळदीकुंकवाला बायकाबायकांत उखाण्यात घालून घेतात, ते वेगळं. उघड्या माळावर परक्या बाप्याला कसं सांगायचं?

"तुमीच वाचा की, म्या मान हलीवते," ती म्हणाली.

"तसं एकदा केलं आणि मनीऑर्डर भलत्यानंच घेतली," तो म्हणाला. "मी वाचलं की समदीच मान हलवत्यात. तुमी सांगा, मी ताडून बघतो."

ती पदर तोंडात धरून उभी राहिली. त्यानं सासऱ्याचं नाव विचारलं. ते तर त्याहून अवघड. शेजारच्या झोपडीत विचारा म्हणून तिनं हात केला, तर तिथली माणसं रानात गेलेली. तो तसाच गावात गेला. तिथं कौलं उतरलेली घरं, दारं बंद, चिटपाखरू नाही. त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं. पार्सलावर शेरा मारला आणि परत पाठवून दिलं.

मी आलो तेव्हा तिनं सांगितलं, टपालवाला आलता, शिक्का मारलेलं कायतरी घिऊन, तुमचं नाव विचारत हुता. मी म्हटलं, येईल परत. मला वाटलं, सावकाराची नाहीतर कोर्टाची काहीतरी नोटीस असेल. टळली तर बरंच.

पुढं बरोबरीच्या एकानं सल्ला दिला की बेळगावला जाऊन चौकशी कर. गेलो. कॅम्पात पलटणीच्या कागदांचं हापिस होतं. तिथल्या कारकुनानं मोठं बाड काढलं, बोट फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "हा माणूस मेलाय."

"मग मी कोण?"

"ते तू सांग. इथं लिवलंय, बिल्ले घरी धाडले, घर ओसाड, इसम मयत."

मी खिशातनं माझा सुटकेचा कागद काढून दिला. तो म्हणाला, मेलेल्या माणसाचा कागद कुणाच्याही हाताला लागतो. पाय दाखवला. लंगडे लई आहेत, म्हणाला. त्याला वाईट म्हणत नाही मी. त्याच्यापुढं कागद होता, आणि कागदाच्या बाजूनं राहण्याचाच त्याला पगार होता.

घरी येऊन हे मी बोललो, आणि तिच्या हातातलं पातेलं तिथंच राहिलं. "म्हंजी त्या दिवशी आलते ते बिल्लंच हुतं?" एवढंच म्हणाली. मग रात्रभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

मी तिला एका शब्दानं बोललो नाही. पण गावाला कळलं. मीच चावडीवर बोललो असेन, नाहीतर तिनं विहिरीवर. बिल्लेवाले मला बघितल्यावर म्हणायचे, "या मयत, बसा." माझं मला काही वाटायचं नाही. पण तिला बायका बोलायच्या. पाटलीणबाई तर तोंडावर म्हणाली, "नवऱ्याचं नाव घेतलं असतंस तर काय जीभ झडली असती व्हय गं?" त्या पाटलीणबाईनं स्वतः पाटलाचं नाव कधी घेतलेलं मी तरी ऐकलं नाही. पण पाटलिणीला कोण विचारणार.

तेव्हापासून बिल्ल्यांचं वेड मला नव्हतं, तिला होतं. मी कंटाळलो की ती म्हणायची, "अवं, जाऊन या की एकदा. औंदा साहेब बदललाय म्हणं." मी जायचो. पाटलाचा दाखला नेला. बसऱ्याच्या सोबत्यांचे अंगठे नेले. दर खेपेला काहीतरी कमी पडायचं. एक साहेब कागद वर पाठवायचा, ते खाली येईपर्यंत दुसरा साहेब आलेला असायचा. अशात आमच्या पोरीचं लग्न झालं, ती चिकोडीकडं गेली. माझे केस पांढरे झाले. बायको निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडायला जायला लागली. दिवसभर त्या धुरळ्यात बसून यायची आणि रात्री खोकत राहायची. दसऱ्याला माळावर जायचं तिनं सोडून दिलं. कुणी विचारलं तर म्हणायची, पाय दुखत्यात.

शेवटी एक कारकून भेटला, धारवाडकडचा, मराठी मोडकं बोलणारा, पण माणूस बरा. त्यानं सगळं वाचलं आणि म्हणाला, "लग्नाची बायको हाय न्हवं? तिला घिऊन या. साहेबाच्या म्होरं तिनं नाव सांगून ह्योच माझा नवरा म्हणू दे. मग संपलं."

मी घरी येऊन सांगितलं. म्हटलं, राहू दे, नको जायला. ती चुलीपुढं बसली होती. तिनं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "जाऊया."

सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेलो. ती पहिल्यांदाच मोटारीत बसली, संकेश्वरपर्यंत पुढची दांडी घट्ट धरून. उतरलो तिथल्याच खासबागेत, तिच्या बहिणीकडं. साडू विणकर, घरात माग. जेवताना बहीण तिची चेष्टा करायला लागली. "आक्का, उद्या साहेबाम्होरं उखाणा घे की मोठा. बत्ताशे वाटूया." दोघी हसल्या. मला वाटलं, बरं झालं, मन हलकं झालं. पण सकाळी बघतो तर तिनं काही खाल्लं नाही. उपास धरलाय म्हणाली. कसला, ते सांगितलं नाही.

हापिसात साहेब खुर्चीवर, बाजूला तोच कारकून दौत घेऊन. ती दाराशी उभी, पदर डोक्यावरनं पुढं ओढलेला.

"हेसरु हेळम्मा," कारकून कानडीत म्हणाला, मग त्याच्या ध्यानात आलं आणि मराठीत म्हणाला, "नाव सांगा बाई, मालकाचं."

तिनं खाली बघत सुरू केलं, "मागावरच्या लुगड्याला रेशमाचा काठ, पलटणीच्या दारात बघते ज्यांची वाट..." आणि थांबली.

साहेबानं कारकुनाला विचारलं, ही काय म्हणतेय. कारकुनानं समजावलं असावं, कारण साहेब हसला. कारकूनही हसला. पण म्हणाला, "बाई, गाणं मला जबाबात लिवता येत न्हाई. नुसतं नाव पायजे."

मी म्हटलं, "चल गं, बास झालं. चल घरला."

ती माझ्याकडं वळली. इतक्या वर्षांच्या संसारात माणसांदेखत तिनं माझ्याकडं असं कधी सरळ बघितलं नव्हतं. आणि तिनं माझं नाव घेतलं. माझं, माझ्या बापाचं, आडनावासकट, मोठ्यानं. कारकुनानं लिहून घेतलं, तिचं नाव विचारून तेही लिहिलं, अंगठा घेतला. मी त्या टेबलाला धरून उभा होतो. गोळी लागली तेव्हाही माझं असं झालं नव्हतं.

परतीच्या वाटेवरही तिनं उपास सोडला नाही. घरात पाऊल टाकल्यावर देवापुढं बसली आणि काय पुटपुटली ते मी ऐकलं. म्हणत होती, "काय तोडायचं ते माझं तोडा." मी चिडलो. म्हटलं, असल्या खुळ्या गोष्टी बोलू नकोस. ती म्हणाली, "तुमी गप बसा. त्ये माझं आणि देवाचं हाय."

त्यानंतरच्या थंडीत ती गेली. निपाणीच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून बघितलं होतं. म्हणाला, तंबाखूच्या धुरळ्यानं फुप्फुसं गेलीत, बऱ्याच वर्षांचं दुखणं आहे. मी हे मुद्दाम लिहितो. नाव घेतल्यानं कुणी मरत नाही. ती वखारीनं मेली. हे मला ठाऊक आहे, पोरीला मी असंच सांगितलंय, आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा स्वतःलाही असंच सांगतो.

शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी बसायचो. ती माझ्या हाताची नाडी चाचपायची. आजारी ती, आणि नाडी माझी बघायची. म्हणायची, "बगा, तुमास्नी कायबी झालं न्हाई." एवढ्यानं तिच्या तोंडावर समाधान यायचं. बिल्ल्यांचं काय झालं हेही रोज विचारायची. मी म्हणायचो, येतील. आले नाहीत.

आले ते तिचं वर्षश्राद्ध झाल्यावर. टपालवाल्यानं माझी सही घेतली. एक चांदीचा, एक काशाचा, कडेला माझं नाव, बरोबर. गाव बघायला लोटलं. पाटलीणबाई आली, बिल्ले हातात घेऊन डोळ्याला पदर लावला, म्हणाली, "बिचारीनं बघायला पायजे हुतं." मी बिल्ले तिच्या हातातनं काढून घेतले आणि म्हटलं, "तुमी आता जावा." कुणाला उद्धट वाटलं तर वाटू दे.

त्या दसऱ्याला पाटलानं निरोप धाडला, बिल्ले लावून पुढं ये. मी रानात गेलो.

मग दुसरी लढाई झाली. गावची पोरं तीही लढून आली. मग स्वराज्य आलं. चावडीवर झेंडा लागला, पेढे वाटले. एक पोरगा मला म्हणाला, आजोबा, इंग्रजाचे बिल्ले आता इकून टाका. त्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅम्पातनं बोलावणं आलं. साहेब लोक निघाले होते, कागद नव्या साहेबांच्या ताब्यात द्यायचे होते, म्हणून जुन्या शिपायांची नोंद एकदा समोर बसवून तपासत होते. मी गेलो. टेबलाशी तरुण कारकून होता. त्यानं माझं पान काढलं. मी वाकून बघितलं. मयत ह्या शब्दावर तांबडी रेघ मारलेली, वर हयात लिहिलेलं, साहेबाची सही. खाली तिचा जबाब, आणि अंगठा.

त्यानं एकेक वाचून विचारलं. गाव बरोबर? बरोबर. बिल्ले मिळाले? मिळाले. मग त्यानं वारसाच्या ओळीवर बोट ठेवलं, तिचं नाव वाचलं आणि म्हणाला, "पत्नी, हयात. बरोबर आहे ना, का काही दुरुस्ती करायचीय?"

तो लेखणी शाईत बुडवून थांबला होता.

"बरोबर हाय," मी म्हणालो. "कायबी बदलू नका."

त्यानं पान उलटलं आणि पुढच्याला हाक मारली.