साधी म्हणून सोडलेली

डोळखांबला महिपतच्या दुकानात फोन होता. २००३ सालच्या त्या सकाळी संजीवनी त्या फोनसमोर बसून होती. भातकापणीला ती पुण्याहून घरी आली होती खरी, पण तिचं चित्त खाचरात नव्हतं. शेवटी वडिलांनी, लडकूभाऊंनीच तिला दुकानात आणलं. तिच्या हातात विळा तसाच होता.

ती दीर्घिकांवर, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहांवर, संशोधन करत होती. मोठ्या दीर्घिकांच्या समूहात शेकडो खुज्या दीर्घिका असतात. त्यातल्या बहुतेक एका साच्यातल्या, गुळगुळीत, असा समज होता. संजीवनीनं अशा एकीच्या चित्रातून संगणकावर गुळगुळीत उजेड वजा केला, तर मागे भोवऱ्यासारखा नाजूक पीळ उरला. "यांच्या घडणीत फरक आहे," असं तिनं बैठकीत मांडलं. वजाबाकीच चुकली असेल, असं समोरचे म्हणाले. पण लहानपणापासून ती एकदा बोलली की मागे हटत नसे. आता दुसऱ्या दुर्बिणीनं त्याच समूहाचं चित्र घेतलं होतं. त्यात पीळ नसला, तर तिचा विषय बंद होणार होता. तेच सांगायला आज तिच्या मार्गदर्शक मॅडमचा फोन येणार होता.

"काय गो, चांदण्यांकडं लाइन नाय लागत?" महिपत म्हणाला.

"गप रे!" लडकूभाऊ तंबाखू मळत बसले. मग हळूच म्हणाले, "नाय दिसला तर?"

"तर मी परत नाय जायची, बाबा."

फोन वाजला. खताच्या गाडीचा निघाला. लडकूभाऊ मळतच राहिले.

पुन्हा वाजला, तेव्हा महिपतनं तो उचलून तिच्या हातात दिला.

"संजीवनी, तुझ्या दीर्घिकेत पीळ नाही," मॅडम म्हणाल्या. "तो कॅमेऱ्याचा दोष होता."

तिचा चेहरा पाहून लडकूभाऊ उठून उभे राहिले.

"ऐकतेस ना? खालच्या कोपऱ्यातली एक तू साधी म्हणून सोडली होतीस. पीळ तिच्यात आहे. दोन्ही चित्रांत, एकाच जागी."

"ती? ती तर मी नीट बघितलीसुद्धा नाही."

"मग आता बघ. सोडलेल्या सगळ्याच बघाव्या लागतील. विषय चालू राहतोय."

तिनं फोन ठेवला.

"काय झालं गो?"

"मी चुकले, बाबा. पण बोलले ते खरं निघालं."

लडकूभाऊंना त्यातलं अर्धंच कळलं. "मंग जायचं का नाय?"

"दुपारच्या एसटीनं."

त्यांनी तिच्या हातातला विळा काढून घेतला आणि मळून मळून भुगा झालेली तंबाखू एकदाची तोंडात टाकली.