माझ्या फेकीला टेप लावा

गोळा माझ्या हातातून सुटला, पडला, आणि टेपवाले जागचे हललेच नाहीत.

वाळूजला, आमच्या कंपनीच्या मागच्या मैदानात. कंपनीचा स्पोर्ट्स डे होता. माझ्या आधीच्या बायकांचा गोळा पडला की दोघं जण टेप घेऊन पळायचे. एक जण वर्तुळाच्या कडेला टोक धरायचा. दुसरा, म्हणजे आमच्या प्रेस शॉपचा सुपरवायझर, गोळ्याच्या खड्ड्यापाशी वाकून आकडा वाचायचा. एचआरचे साहेब तो माइकवर सांगायचे. माझा पडला, तेव्हा दोघं टेप गुंडाळून उभे राहिले.

साहेब माइकवर म्हणाले, "आपल्या ताईंच्या जिद्दीसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मालकांची बायको, जिला सगळे मॅडम म्हणतात, खुर्चीवरून उठली आणि सँडल घालून सरळ वर्तुळात आली. तिथं खेळाडूशिवाय कोणी पाय ठेवत नाही. हे तिला कोण सांगणार? तिनं माझ्या खांद्यांवर शाल घातली. नारळ कुठल्या हातात द्यावा हे तिला कळेना. मी डावा पुढं केला. उजवा मला मनगटापासून नाही.

"तुम्ही टाकलात हेच खूप आहे हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं. ते खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी विचारलं, "किती पडला?"

तिनं साहेबांकडं बघितलं. साहेब हसले. "ताई, तुम्हाला आकडा कशाला? आमच्यासाठी तुम्ही पहिल्याच."

तेवढ्यात पुढच्या बाईचा गोळा येऊन पडला. टेपवाले पळाले, माझ्या खुणेवरूनच पळाले. खूण बुजली.

घरी आले. सासूबाईंनी शाल उजेडाला धरून बघितली. म्हणाल्या, "लोकर चांगली हाय." आणि घडी घालून कपाटात ठेवली.

गोळा ही माझ्यासाठी नवी गोष्ट नव्हती, म्हणून एवढं सांगते आहे. सिल्लोडजवळच्या गावातली मी. वडील सिल्लोडच्या बाजारात हमाल होते, मक्याची पोती उचलायचे. शाळेत एकच गोळा, तो हेडमास्तरांच्या खोलीत कुलपात. सुट्टीत सराव करायला मिळायचा नाही. वडिलांनी आडत्याकडून एक बाद झालेलं लोखंडी वजन मागून आणलं. चपटं, एका बाजूनं झिजलेलं. ते फेकलं की वाकडंच जायचं. मी थांबले की खाटेवरून वडील ओरडायचे, "काहून थांबली? आडत्याचं टकुरं समजून फेक!"

आई म्हणायची, "पोरीला पैलवान करता का?"

"करतो. तुला काय तरास हाय?"

वाकड्या वजनावर शिकलेली मी, सरळ गोळा हातात आला की लांब टाकायचे. जिल्ह्यापर्यंत गेले. पुढं लग्न झालं, बजाजनगरला आले. एक खोली, नवरा एका कंपनीत, मी दुसऱ्या. खेळ सुटला. त्याचं मला फार वाटलं नाही, सगळ्याच पोरींचा सुटतो. हात होता तोवर कधीही परत टाकता येईल असं वाटायचं.

हात कसा गेला तेही सांगते. आजवर कंपनीत ते कोणी सरळ सांगितलेलं नाही. मी पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर होते. त्या मशिनीला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण त्यात वेळ जातो आणि टार्गेट पुरं होत नाही. म्हणून आमच्या सुपरवायझरनं एक बटण रबरी ट्यूबच्या पट्टीनं कायमचं दाबून बांधायला लावलं होतं. एका हातानं पत्रा ठेवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं. सगळ्या मशिनी तशाच चालायच्या. कोणी तक्रार केली की तो म्हणायचा, "भीती वाटायली तर घरी भाकरी थापा."

त्या दिवशी पत्रा तिरका बसला. मी उजव्यानं तो सरळ करायला गेले आणि डावा हात सवयीनं बटणावर पडला. बस.

मी खाली पडलेली होते. शुद्ध होती. सुपरवायझर पळत आला. मला वाटलं माझ्याकडं येतोय. तो मशिनीकडं गेला. आधी बटणाची पट्टी सोडली, खिशात घातली. मग माझ्याकडं वळला आणि ओरडला, "गाडी बोलवा रे!"

चौकशीत मी दवाखान्यातून सांगितलं. पट्टी कुठं आहे, म्हणाले. पट्टी नव्हती. कामगार बाईचा बेसावधपणा, असं ठरलं. कंपनीनं मला काढलं नाही, कॅन्टीनच्या कुपनांच्या टेबलावर बसवलं, आणि हे उपकार आहेत असं रोज कोणीतरी सांगायचं. दरवर्षी सेफ्टी वीक आला की नव्या पोरापोरींपुढं मला उभं करायचे. "ताई, हात दाखवा." मी बाही वर करायचे. "बघा, लक्ष नसलं की असं होतं." पोरी तोंडावर रुमाल धरायच्या. मी बाही खाली करून कुपनांकडं परत जायचे. घरात एका पगारावर भागत नव्हतं.

मुलीच्या शाळेत खेळ होते, बघायला गेले होते. एक गोळा घरंगळत माझ्या पायाशी आला. मी वाकले. आणि उजवा हात पुढं गेला. हात जाऊन किती दिवस झाले होते, भाकरी डाव्यानं, वेणी डाव्यानं, सगळं बसलं होतं. तरी गोळा दिसला आणि उजवाच गेला. तो गोळ्यापर्यंत पोचलाच नाही. मी तशीच वाकलेली. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, उचलून द्या कोणी त्यांना."

मी डाव्यानं उचलला. हनुवटीखाली लावला आणि ढकलला. माझ्याच पायांपुढं पडला. पोरं हसली. माझी मुलगी दुसरीकडं बघत होती.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "आई, तू कशाला केलंस? सगळे बघायलेत की."

माझं लक्ष कमरेकडं होतं. गोळा हातानं जात नाही. पायातून निघतो, कमरेत वळतो, हात शेवटचा. माझी कंबर उजव्या हातासाठी शिकलेली. डाव्यासाठी तिला काहीच येत नव्हतं. म्हणजे मला हात नव्हता शिकवायचा, सगळं अंग पुसून पहिल्यापासून लिहायचं होतं.

त्याच शाळेच्या खेळाच्या सरांना मी विचारलं. म्हणाले, "सकाळी मैदान रिकामं असतं. या. पण लाड करणार नाही."

"लाड पुष्कळ झाले सर."

सकाळी डबे करून जायचे. गोळा मानेवरून निसटायचा. एकदा पायावर पडला, अंगठ्याचं नख गेलं. नवरा म्हणाला, "उरलेला हात तरी नीट ठेव." तो वाईट माणूस नाही. घाबरलेला होता. मी म्हटलं, "ठेवला तर ठेवून ठेवूनच सडेल." दुसऱ्या दिवशी परत गेले. सर लाड करत नव्हते. "उलटी वळायलीस. परत." एवढंच. पण प्रत्येक फेकीनंतर ते स्वतः टेप लावायचे. आकडा लाजिरवाणा असायचा. तो ते तसाच सांगायचे. अपघातानंतर माझ्याबद्दल खरं बोलणारा तो पहिला माणूस.

म्हणून स्पोर्ट्स डेला नाव दिलं होतं. आणि तिथं शाल मिळाली.

पुढच्या वर्षी मी परत नाव दिलं. एचआर साहेब खूश झाले. "या या ताई, मॅडमनी मुद्दाम विचारलं होतं तुमचं."

पॅकिंगमधली मंदा माझ्या आधी होती. गंगापूरकडची, दणकट, दरवर्षी पहिली. तिचा मोजला. मग मी. वर्तुळात उभी राहिले, वळले, टाकला. बरा गेला. पायांना कळतं.

माइकवर सुरू झालं. "जोरदार टाळ्या…" मॅडम उठल्या. हातात शाल होती, या वेळी गुलाबी.

मी म्हटलं, "आधी टेप."

"ताई, या ना बाहेर," साहेब म्हणाले.

"टेप लावल्याशिवाय येणार नाही. वर्तुळ सोडणार नाही."

मॅडम वर्तुळाच्या कडेला थांबल्या. या वेळी पाय आत आला नाही. "अहो, तुमचा अपमान करायचा नाहीये आम्हाला," त्या म्हणाल्या.

"मग मोजा."

सुपरवायझर टेप घेऊन उभा होता. दबक्या आवाजात म्हणाला, "ए बाई, तमाशा करू नको. सगळे खोळंबलेत. जाय बस."

मला काय झालं माहीत नाही. मी ठरवून गेले नव्हते. पण मी मोठ्यानं बोलले, मागच्या शामियान्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"माझा हात तुटला तेव्हा बटणाची पट्टी काढायला पळत आला होतात. आज टेप लावायला तेवढंच पळा."

प्रेसवरच्या बायकांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. फक्त कोणी बोललेलं नव्हतं. सुपरवायझरनं टेप खाली टाकली आणि निघून गेला. साहेबांनी माइक बंद केला. मॅडमनी विचारलं, "कसली पट्टी?" त्यांना कोणी उत्तर दिलं नाही.

मी वर्तुळातच. ऊन डोक्यावर. आता काय, हे मलाही माहीत नव्हतं. मग मंदा चालत आली. तिनं टेप उचलली, टोक माझ्याकडं फेकलं. "धर पायाखाली." मी धरलं. ती खुणेपाशी वाकली. मग आकडा मोठ्यानं वाचला.

शेवटचा. तिच्या निम्माही नाही. माझ्या वरच्या नंबराच्या बाईपेक्षाही कितीतरी कमी. शाळेत असताना ते वाकडं वजनसुद्धा माझ्या हातून याच्या पुढं जायचं.

टाळी पडली नाही. मला तेच हवं होतं. पण हवं असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. मी टाकीच्या मागं नळावर तोंड धुवायला गेले आणि तिथंच खाली बसले. वडील वारले तेव्हा मी एवढी रडले नव्हते. हात गेला तेव्हाही नाही. तेव्हा सगळे म्हणत होते, धीर धर, आणि मी धरला होता. त्या दिवशी कळलं की उजवा हात खरंच गेला. आजवर सगळ्यांच्या देखत तो मोजलाच नव्हता कोणी.

यानंतर पट्टीची चौकशी झाली असेल असं वाटेल. झाली नाही. सुपरवायझर आहे तिथंच आहे. सेफ्टी वीकला मला बोलावणं बंद झालं, आता नुसता माझ्या हाताचा फोटो लावतात. आणि यंदाच्या स्पोर्ट्स डेचा कागद लागला, त्यात महिलांसाठी रांगोळी, संगीत खुर्ची, लिंबू-चमचा. गोळाफेक रद्द. खाली कारण लिहिलंय, सुरक्षेसाठी.

मंदा कुपन घ्यायला आली. कुपन घेतलं, पण हलली नाही.

"तुझ्या टेपपायी आमचाबी गोळा गेला," ती म्हणाली. "वर्षात एकच दिवस होता गं मला. त्या दिवशी पोरं म्हणायची, आमची आई पहिली."

मागं रांग लागली होती. तिनं माझ्यासाठी टेप उचलली आणि नुकसान तिचं झालं. हे मला अजून गिळवत नाही. मी तेव्हा शाल घेऊन घरी गेले असते तर मंदा यंदाही पहिली आली असती.

तरी मी शाल घेतली नसती. हेही तिला सांगितलं. ती कुपन मुठीत धरून गेली.

रविवारी शहरात, गुलमंडीच्या बाजारात गेले. गोळा विकत घेतला, टेप घेतली, मैदानावर आखायची पांढरी फक्की घेतली. दुकानदारानं विचारलं, "पोरासाठी का?" म्हटलं, "नाही. मला."

स्पोर्ट्स डेला मी नाव देणार नाही, कारण द्यायला खेळच ठेवलेला नाही. मी सरळ जाणार. तिकडं संगीत खुर्चीचं गाणं वाजेल, तेव्हा मैदानाच्या या कडेला मी वर्तुळ आखणार. मंदाला निरोप पाठवलाय, पहिली फेक तुझी. ती हो म्हणालेली नाही. आली तर आधी तिची मोजीन. नाही आली तर टेपचं टोक दगडाखाली दाबीन आणि एकटी मोजीन, एका हातानं तेवढं होतं. मला हाकलायला यांना त्या वर्तुळात यावं लागेल, सगळ्या बायकांच्या देखत. येऊ देत. नोकरी गेली तर जाऊ दे. आकडा कितीही कमी येवो, तो मी मोठ्यानं वाचणार आहे.