आत्यांचे रविवार

पुणे जिल्ह्यातल्या डोंगरांची उंची सरकारने आत्यांना विचारून ठरवली असावी, असा माझा बरीच वर्षं समज होता. डोंगर आत्यांना घाबरत. समोर आभाळाला टेकलेली धार दिसत असायची, आणि आत्या छत्रीचं टोक तिच्याकडे रोखून म्हणायच्या, “हे? हे तर टेंगूळ आहे.” आणि खरंच, तासाभरात आम्ही त्या टेंगळावर बसून दशम्या खात असायचो.

त्या माझ्या आत्या नव्हेत. खराडीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राच्या त्या सख्ख्या आत्या. त्याने मला एकदा त्यांच्या दारात नेऊन उभं केलं आणि सहा महिन्यांत स्वतः कंपनीच्या ऑनसाइट कामावर अमेरिकेला निघून गेला. जाताना त्याने गादी आणि टेबलफॅन एकाला दिले, आत्या मला दिल्या. “लक्ष ठेव रे जरा,” म्हणाला. मी यवतमाळकडचा, पुण्यात नवा, सदाशिव पेठेत एका खोलीत राहणारा. लक्ष कोणी कोणावर ठेवायचं, ते पहिल्याच रविवारी ठरून गेलं. मी स्वारगेटला धावत पोचलो तेव्हा एसटी सुटायला एक मिनिट होतं. आत्या दाराशीच बसल्या होत्या. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, “आपण आलात होय? आम्हाला वाटलं, आपण पुढच्या रविवारचे.” वऱ्हाडात अशा माणसाला लोक सरळ शिवी देतात आणि विषय संपतो. हे ‘आपण’ मला आठवडाभर पुरलं.

निवृत्तीपर्यंत आत्या एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर होत्या. भलेभले सर्जन त्यांच्यासमोर नखं दाखवायला हात पुढे करत, असं ऐकून होतो. त्यांना पाहिल्यावर ते खरं असणार याची खात्री पटली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर पोथी-पुराण केलं नाही. “इतकी वर्षं माणसं आडवी पाहिली, आता जरा उभी बघते,” म्हणून त्यांनी रविवारची पायी भटकंती सुरू केली. या मंडळाला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता, नियम एकच, आणि तो म्हणजे आत्या. पेठेतल्या एका औषधांच्या दुकानाच्या काचेवर दर गुरुवारी त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी लागायची : ‘रविवार. स्वारगेट. सहा दहाची एसटी. सोपी. पाणी आणणे. उत्साह घरी ठेवणे.’

चिठ्ठीतला ‘सोपी’ हा शब्द नीट समजून घ्यायला मला वर्ष लागलं. आत्यांनी वाटांच्या तीन इयत्ता केल्या होत्या : ‘सोपी’, ‘वाटते तितकी नाही’ आणि ‘घरी सांगून या’. सोप्या वाटेवर फक्त एक ओढा, दोन चढ आणि एखादा मारका बैल असे. मधल्या इयत्तेत हातांचाही उपयोग करावा लागे. तिसरीबद्दल एका बँकेतल्या गृहस्थांनी “म्हणजे नेमकं काय सांगून यायचं?” असं विचारलं, तेव्हा आत्या म्हणाल्या, “कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते.” ते गृहस्थ त्यानंतर दिसले नाहीत.

त्यांचा वेष ठरलेला. सुती पाचवारी, घोट्याच्या वर खोचलेली. पायांत इस्पितळातलेच पांढरे कॅनव्हासचे बूट. हातात पुरुषी लांब छत्री, जी उन्हात आणि पावसात सारखीच मिटलेली असे. वाटेत वस्ती लागली की आमची चाल थांबलीच. कोणीतरी म्हातारी ओट्यावरून हाक मारायची, “सिस्टरबाई, गुडघं लई दुखत्यात वो. त्ये त्याल लावाया सांगितलं व्हतं, त्ये बी संपलं हाय.” मग आत्या त्या म्हातारीचा पाय मांडीवर घेऊन बसायच्या आणि आम्ही वीस माणसं उन्हात उभी. कोणी घड्याळ पाहिलंच तर मान वर न करता विचारायच्या, “डोंगराला कुठे जायचंय का?” आमच्यातल्या एका संगणकवाल्या पोराने परदेशातून वाट दाखवणारं यंत्र आणलं होतं. “आत्या, शॉर्टकट आहे. मशीन दाखवतंय.” आत्या म्हणाल्या, “वा! मशीनला पाठवा तिकडून. आपण सावलीतून जाऊ.”

आत्यांच्या बरोबरीने नेहमी चालायचे ते रविवार पेठेतले बाइंडिंगवाले चाचा. पेठेत तीन पिढ्यांचं त्यांचं दुकान. आत्यांच्या हिशेबाने मंडळात शहाणा माणूस एकच, तो म्हणजे चाचा. चाचांना एक सवय होती : चालताना तोंड सतत सुरू. “इथे घसाऱ्याची माती आहे बरं का. डावीकडे बाभळीची फांदी आली. आता दोन पायऱ्यांएवढा उतार.” मला वाटे, म्हातारपणी माणूस बडबडतो. दिसतंय ते कशाला सांगायचं? एकदा मी हसून तसं म्हणालोही. चाचा नुसते हसले आणि पुढच्या दगडाबद्दल सांगू लागले.

मग नोव्हेंबरातला तो रविवार आला. वाट तिसऱ्या इयत्तेतली, पानशेतच्या बाजूची. चाचांच्या मुलीचा साखरपुडा होता, त्यामुळे ते नव्हते. हवा स्वच्छ, दुपारचं ऊनही सौम्य. आत्या नेहमीसारख्या सगळ्यांच्या पुढे, मी त्यांच्यामागे. पठारावरून वाट डोंगराच्या कडेला उतरते, तिथे लांबूनच मला नवं काटेरी तारांचं कुंपण दिसलं. त्या काळात अशी कुंपणं डोंगरात रोज उगवत होती. आतमध्ये पाटी, पाटीवर फार्महाऊसचं चित्र. आता आत्या थांबतील आणि प्लॉटवाल्याचा उद्धार करतील, म्हणून मी मनातल्या मनात हसून तयारच होतो. आत्या थांबल्या नाहीत. त्याच चालीने सरळ गेल्या आणि तारेवर आदळल्या.

छत्री खाली पडली. पदर तारेत अडकला होता आणि तळहातातून रक्त येत होतं. मागची सगळी माणसं जागीच थांबली. आत्यांनी दुसऱ्या हाताने तार चाचपली. एक, दोन, तीन, वरपासून खालपर्यंत. मग अगदी हळू विचारलं, “कधी लावलं रे हे?”

तेव्हा मला चाचांची बडबड कळली. आणि मी तिला हसलो होतो. मी रुमाल त्यांच्या हाताला बांधू लागलो तर म्हणाल्या, “गाठ आतल्या बाजूला नको, टोचते. अशी.” मग मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात : “काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली. गेलेली नजर परत येत नाही, मला कोणी समजावू नये. समोरचं थोडं दिसतं, तेही धुक्यातलं. वाटा पाठ आहेत म्हणून चालत होते.”

“आत्या, मागे फिरू या.”

“मागे फिरलो तर अंधारात उतरावं लागेल. वीस माणसं आहेत. तू पुढे हो.”

“मला वाट माहीत नाही.”

“मला माहीत आहे. तुला दिसतंय. दोघांत मिळून एक वाटाड्या होतो.”

कुंपणाच्या कडेकडेने आम्ही खाली निघालो. छत्रीचं एक टोक माझ्या हातात, मूठ आत्यांच्या हातात. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी प्रत्येक दगड आधी पायाने दाबून बघत होतो. आत्या मागून सांगत होत्या, “आता कातळात खोबण लागेल, तिथे डावा हात घाल. लागली? आता उंबराचं झाड दिसेल, त्याच्या उजवीकडून खाली.”

“उंबर नाहीये, आत्या.”

“नीट बघ.”

“बुंधा आहे. तोडलंय.”

आत्यांनी छत्रीची मूठ हातात फिरवून पुन्हा धरली. मग म्हणाल्या, “बरं. बुंध्याच्या उजवीकडून.”

उतरायला तीन तास लागले. खाली डांबरी रस्ता लागल्यावर सगळ्यांनी त्यांच्याभोवती गर्दी केली, कोणी पाणी दिलं, एका बाईंना रडू आलं. आत्यांनी सगळ्यांना मोजायला लावलं. वीस भरली. “मग रडताय कशाला?” म्हणाल्या. पण एसटीत त्या खिडकीशी बसल्या आणि स्वारगेट येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. आत्या गप्प आहेत हे मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते मला त्या कातळापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या दुकानात गेलो. “तुम्ही सांगितलं का नाही?” पुठ्ठ्यावर कापड ताणत ते म्हणाले, “त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मी त्यांना कधी विचारलं नाही. मी आपला वाटेबद्दल बोलत होतो.”

त्या गुरुवारी काचेवर चिठ्ठी लागली नाही. पुढच्या गुरुवारी लागली, ती माझ्या अक्षरातली, आत्यांनी शब्द न् शब्द सांगितलेली. तेव्हापासून मंडळ मी नेतो आणि रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे हजेरी देतो. आत्या खुर्चीत ताठ बसतात आणि उलटतपासणी सुरू होते. पायाखाली काय होतं? मुरूम की काळी माती? कारवी फुलली का? वारा कुठून होता? सुरुवातीला मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नसे. “मग तू तिकडे गेलास कशाला? पाय घरीही हलवता येतात.” हळूहळू मी बघायला लागलो. आता चालताना माझं तोंडही सतत पुटपुटत असतं, आणि नवी पोरं एकमेकांकडे बघून हसतात.

गेल्या पावसाळ्यानंतरचा एक रविवार मात्र मी चुकवला. आठवडाभर प्रोजेक्ट संपवण्याची धावपळ होती, अंगात कसर होती, झोपून राहिलो. संध्याकाळी खरं सांगायचा धीर झाला नाही. मी आत्यांसमोर बसलो आणि एक वाटच रचली. गाव खरं, डोंगर खरा, बाकी सगळं माझं. पलीकडच्या अंगाला गवतात सोनकीची फुलं घातली, एक भारद्वाज उडवला, आणि शेवटी दमल्यावर पाणी प्यायला एका खडकाखाली छानसा झरा ठेवला. आत्यांनी एकदाही अडवलं नाही. डोळे मिटून ऐकत होत्या. मी संपवल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“त्या अंगाला झरा नाही रे,” त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. आता ‘आपण’ येणार, अशी वाट पाहत राहिलो.

आत्यांनी खुर्चीत थोडं पुढे सरकून विचारलं, “पाणी गार होतं का?”

“खूप गार होतं, आत्या,” मी म्हणालो.