बरडावरची चंद्रज्योत

लग्न होऊन मी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी आले ती नव्वदच्या आसपास. घरात सासू, नवरा आणि थोरले दीर. बठ्ठं गाव, लहानथोर सगळं, दिरांना भाऊ म्हणायचं, मीही तेच म्हणायचे. विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर त्यांचा भारी जीव.

एकदा कंपनीचा माणूस चंद्रज्योतीची रोपं घेऊन आला. हिच्या बियांच्या तेलावर इंजिन चालतं, पाणी लागत नाही, जनावरं तोंड लावत नाहीत, असं त्याचं म्हणणं. भाऊंनी आमच्या ज्वारीच्या बरड तुकड्यात ती लावली, गावाला पटवून गुरचरणीवरही लावून घेतली.

यथावकाश बिया आल्या. जवळचे तेलघाणीवाले विषारी बी घेईनात, म्हणून पोती तेल काढायला थेट पारोळ्याला न्यावी लागली. त्या तेलावर इंजिन खरोखर चाललं. धूर काळा, वास उग्र, पण चाललं. भाऊंनी पेढे वाटले.

तेल मात्र लगेच संपलं. पाण्यावाचून झाडं जगायची, पण फळ धरायची नाहीत. वेचणीची मजुरी आणि गाडीभाडं धरलं तर पंपावरचं डिझेलच स्वस्त पडे. गुरचरणीचं गवत गेलं, बकऱ्या लांब डोंगरात न्याव्या लागत. ज्वारी विकतची, कडबाही विकतचा. त्यातच माझ्या लेकीनं शेंगदाणे समजून त्या बिया खाल्ल्या. उलट्यांनी पोर पार गळून गेली. सलाईन लावून तिला घरी आणलं, त्या संध्याकाळी मी पदर सावरला आणि दिरांसमोर पहिल्यांदाच बोलले.

"भाऊ, इंजिन चालस, हाई खरं शे. पन बकऱ्या काय खातीन, आन आपन काय खावानं?"

भाऊ लेकीजवळ गेले, तिच्या कपाळावर हात ठेवला. मग एवढंच म्हणाले, "कुदळ कोठे शे?"

सकाळी आम्ही सगळेच शेतात गेलो. मुळं फार खोल नव्हती, झाडं भराभर निघाली. बांधावरची तेवढी कुंपणाला ठेवली. गुरचरण मोकळी करायला गावाला समजवावं लागलं. भाऊंनीच बैठक बोलावली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की रोपं मी लावायला लावली, आता काढायलाही मीच पुढे होतो.

गवत पुरतं यायला दोन पावसाळे गेले. ज्वारी मात्र त्याच वर्षी डोक्याएवढी झाली, आणि कडब्याची गंजी मी स्वतः रचली.