न वाचता केलेली सही

भावाच्या वकिलाचा अर्ज अवघा दीड पानाचा होता. वडिलांच्या रहिमतपूरच्या जमिनीत मला वाटा मिळावा म्हणून मी कोर्टात दावा लावला होता. अर्जात म्हटलं होतं, बहिणीनं अकरा वर्षांपूर्वीच हक्कसोडपत्रावर सही केली आहे, मुदत केव्हाच संपली, सबब पुरावा न घेता दावा इथेच काढून टाकावा. म्हणजे मी तोंड उघडायच्या आतच घरी जायचं! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

सही माझीच होती, ते मी कधी नाकारलं नाही. वडिलांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ मला गाडीवर बसवून निबंधक कार्यालयात घेऊन गेला. "वारसनोंदीचं कागद हायेत ताई, तेवढी सही कर," म्हणाला. तिथल्या कारकुनानं विचारलं, "बाई, वाचलंय ना?" माझ्याआधी भाऊच म्हणाला, "आवं, मास्तरीण हाय ती!" मी मान डोलावली. भावानं पुढं केलेला कागद बहिणीनं वाचत बसायचं, म्हणजे चारचौघांत त्याच्यावर संशय घ्यायचा. भाऊबीजेची साडी घडी न मोडता घ्यावी, तसा तो कागद मी घेतला आणि सही केली. वाईच्या शाळेत चौतीस वर्षं "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणत पोरांचे कान पिळणारी मी! निवृत्त झाल्यावर सातबारा काढला, तर त्यावर माझं नावच नव्हतं.

माझी वकीलबाई साताऱ्याची, वयानं माझ्या लेकीएवढी. ती म्हणाली, "घाबरू नका. या टप्प्यावर कोर्ट फक्त आपला दावा वाचतं, त्यांचा बचाव नंतर. फसवणूक कळली तेव्हापासून मुदत मोजायची, आणि आपण सहा महिन्यांत आलोय. त्यांच्या अर्जावर आपलं म्हणणं तयार आहे. सही करा."

मी कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले, चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. तिसऱ्या परिच्छेदात होतं, 'वादी ही अशिक्षित, भोळी स्त्री असून...'

"हे खोडा."

"मॅडम, बायकांच्या दाव्यात असंच लिहितात. कोर्टाला दया येते."

"दया नको, जमीन हवी. लिहा, वादी शिकलेली आहे. भाऊ म्हणून विश्वास ठेवला आणि वाचलं नाही."

समोरच्या बाकावरून भाऊ सगळं बघत होता. त्याला राहवलं नाही. "ताई, सवताच्या वकिलावरबी भरवसा न्हाई व्हय?"

"भरवसा तुझ्यावर लय होता रं. त्योच निस्तरतीय."

तो खाली बघू लागला. मला त्याची कीव आली नाही. नवं पान टाईप होऊन आलं, तेही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मग सही केली.

पुढच्या महिन्यात भावाचा अर्ज नामंजूर झाला. जमीन अजून मिळालेली नाही, पण आता माझं ऐकल्याशिवाय कुणाला निकाल देता येणार नाही. अर्ज फेटाळला त्या दिवशी व्हरांड्यात भावाच्या वकिलानं घाईघाईत कसलासा कागद त्याच्यापुढं धरला, "इथं सही." भावानं खिशातून चष्मा काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.

"नीट वाच," मी जाता जाता म्हटलं.