मॅडम थांबल्या

घोड्यांच्या गोष्टींचं एक वाईट असतं. माणसं म्हणतात, एखादी सांगा. एखादी सांगितली की तिची शेपटी धरून दुसरी येते, तिच्या मागून तिसरी, आणि समोरच्याचा चहा थंड होतो. अमरावतीच्या कॅम्पात आमचा एक रायडिंग क्लब होता. क्लब म्हणजे पत्र्याचं शेड, दोन कडुलिंब आणि सकाळी घोड्यांच्या आधी हजर होणारा चहावाला. मी गुरांचा डॉक्टर, म्हणून सगळ्यांनी मिळून मला सेक्रेटरी केलं. क्लब केव्हाच बंद पडला. गोष्टी तेवढ्या उरल्या, आणि त्यातल्या बहुतेक एकाच घोडीच्या आहेत. त्याला माझा इलाज नाही.

*

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी एका संस्थानिकाचा तबेला मोडायला निघाला. राज्य विलीन झालं होतं, राजेसाहेबांचं पोलो सुटलं होतं. पोलोचे घोडे म्हातारे झाले की टांग्याला जातात, नाहीतर त्याहून वाईट जागी. त्यांतले चार आपण आणावे आणि मेंबरांना बसायला द्यावेत, असं आम्ही ठरवलं. मी गेलो, दात पाहिले, पाय चाचपले, चार निवडले.

त्यांत एक पांढरी घोडी होती. नाव मॅडम. तिथला तबेलदार तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बहुत समझदार है, साहब. थोडा दौडती है, फिर खुद बाजू हो जाती है."

मला ते कौतुक वाटलं. ती पूर्वसूचना होती, हे बडनेऱ्याला वॅगनमधून उतरवून तिला अमरावतीच्या रस्त्याला लावल्यावर कळलं.

पोलोत एक घोडा सबंध खेळभर पळवत नाहीत. थोडा वेळ झाला की घंटा होते, स्वार बाजूला येतो, उतरतो आणि ताज्या घोड्यावर बसतो. मॅडमचा जन्म ह्यात गेला होता. त्यामुळे ठरावीक वेळ पळून झालं की ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहायची आणि दुसऱ्या घोड्याची वाट पाहायची. टाच मारा, चुचकारा, गूळ दाखवा, ढिम्म हलायची नाही. शेवटी दोन उपाय सापडले. एक, स्वारानं खाली उतरून पुन्हा चढायचं, म्हणजे तिच्या लेखी नवा डाव सुरू. दुसरा, खालच्या कोणीतरी लगाम धरून तिला चार पावलं चालवायचं. मैदानाबाहेर नोकर न्यायचे तसं. एवढं झालं की बाईसाहेब पुन्हा चालू.

"मॅडम थांबल्या," हे वाक्य आमच्या क्लबात इतकं रुळलं, की कमिटीच्या मीटिंगमध्ये एखादा विषय अडकला की चहावालाही तेच म्हणायचा.

*

पोलोच्या घोड्यांची आयाळ भादरलेली असते. हातातल्या काठीत आणि लगामात केस अडकू नयेत म्हणून. आमचे चारही घोडे तसेच आले.

गावातल्या एका कापसाच्या अडत्याला मुलाच्या वरातीसाठी घोडी हवी होती. आम्हाला आनंद झाला. पाहुणे पाहायला यावेत तसे ते सहकुटुंब मॅडमला पाहायला आले. बरोबर नवऱ्या मुलाची आत्या होती. तिनं घोडीला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि मला विचारलं, "काहून हो, हे बोडकी घोडी नवरदेवाले देता?"

मी पोलोचा सगळा इतिहास सांगितला. काठी, लगाम, राजेसाहेब. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग ते राजे कुठी हायेत आता?"

अडत्यानं मोटार ठरवली आणि आम्ही घोड्यांची आयाळ वाढवायला सुरुवात केली. पहिले काही महिने ती बूटपॉलिशच्या ब्रशासारखी उभीच होती.

*

आमच्या मेंबरांत एक रिटायर्ड जज्जसाहेब होते. मूळचे पुण्याचे, पण नोकरी सगळी वऱ्हाडात झालेली. डोक्यावर सोला हॅट, पाठ ताठ, आणि गुडघे दुखरे. घोड्यावरून उतरायचे, पण स्टूल असल्याशिवाय पुन्हा चढता यायचं नाही.

एका सकाळी भर चौकात मॅडम थांबल्या. जज्जसाहेब वर, खाली गर्दी, स्टूल क्लबात. शेवटी पानठेल्यावरचा एक माणूस पुढे आला, त्यानं लगाम धरला आणि घोडी चालवली. साहेबांना बरं वाटलं. त्यांनी त्याला नाव विचारलं.

"तुमाले मालूम हाये साहेब," तो म्हणाला. "तुमीच तर मले दीड वर्साची देली होती."

जज्जसाहेबांनी वरून त्याच्याकडे जरा पाहिलं. "बरोबर दिली होती का?"

"बराबरच देली होती जी," असं म्हणून तो आणखी थोडा पुढे सोडायला गेला.

*

एकदा अकोल्याच्या शेतकी प्रदर्शनात संचलनासाठी आम्हाला बोलावणं आलं. आम्ही सुलतानला नेलं. चौघांत तो सगळ्यात दांडगा. पोलोत दोन घोडे बरोबरीनं पळायला लागले की एकानं खांद्यानं रेटून दुसऱ्याला बाहेर काढायचं असतं. तो खेळाचाच भाग आहे. सुलतानला हे अकोल्याला येऊनही आठवत होतं.

संचलनात त्याच्या शेजारी एका फौजदाराचा घोडा आला. सुलताननं खांदा लावला. फौजदार, घोडा, तलवार, सगळं अलगद ओळीबाहेर सरकत सरकत उसाच्या रसाच्या दुकानात गेलं. कोणाला काही लागलं नाही. फौजदारानं बाहेर येऊन मिशी पुसली आणि आम्हाला बजावलं, की असा घोडा कुठे विकायला काढला तर आधी त्याला कळवायचं.

*

आता तायडे गुरुजींचं सांगतो. म्युनिसिपालिटीच्या शाळेत ते मास्तर होते. दर्यापूरकडचे. घर छप्पन साली बौद्ध झालेलं. किडकिडीत अंगकाठी, इस्त्रीचा शर्ट, आवाज बेताचा. एक दिवस येऊन म्हणाले, "मले घोडीवर बसणं शिकाचं हाये."

शिकणं त्यांना फारसं जमेना. जरा तोल गेला की ते दोन्ही हातांनी खोगीर धरायचे आणि लगाम घोडीच्या मानेवर टाकून द्यायचे. पोलोत खेळ संपला की स्वार लगाम असाच मानेवर टाकतो. मॅडम ताबडतोब थांबायच्या. त्यामुळे इतरांचा डाव थोडा तरी चालायचा, गुरुजींचा सुरू व्हायच्या आधीच संपायचा. मेंबर हसायचे. गुरुजी उतरायचे, पुन्हा चढायचे.

पण माणूस चिवट होता. पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि गुरुजी चांगले बसायला लागले. मॅडमचं आणि त्यांचं इतकं जमलं की आम्हा बाकीच्यांना तिच्यावर बसायला संकोच वाटू लागला.

मग एकदा चहा पिताना त्यांनी कारण सांगितलं. लग्न ठरलं होतं. मुलगी अकोल्याची, लग्न गुरुजींच्या गावी. वरात एस.टी.च्या थांब्यापासून गावातून त्यांच्या वस्तीपर्यंत जायची होती आणि वाटेत पाटलाचं घर होतं. त्यांच्या वस्तीतला माणूस त्या दारापुढून वाहनावर बसून जात नसे. सायकल असली तर उतरून हातात धरायची. बैलगाडी असली तर खाली उतरून चालायचं. पाटील वाईट बोलणारा नव्हता. त्यानं गुरुजींच्या वडिलांना निरोप दिला होता, की घोडी आणा, बँड आणा, आमचं काही म्हणणं नाही. आमच्या दारापुढं तेवढं उतरा आणि पुढं जाऊन पुन्हा बसा.

"बाप म्हणते, उतर ना बापू घडीभर, कोणाचं काय जाते," गुरुजी म्हणाले. "माहा बाप जिंदगीभर तिथून चपला हातात घेऊन गेला. मले तिथं उतराचं नाई."

सगळ्यांच्या डोक्यात एकच आलं. मॅडम नेमक्या तिथेच थांबल्या तर? उतरून पुन्हा चढल्याशिवाय त्या हलायच्या नाहीत, आणि उतरायचं तर नाही.

जज्जसाहेबांना कायदा विचारला. ते म्हणाले, "कायदा अगदी स्पष्ट आहे. घोडीची खात्री देता येत नाही."

*

मॅडमला कापसाच्या रिकाम्या ट्रकमधून दर्यापूरला नेलं आणि तिथून चालवत गावी. मी आणि जज्जसाहेब दोघंही गेलो. मी सकाळीच सगळी वाट पायी चालून पाहिली. गावाच्या तोंडाशी एक नाला होता. तिथे गुरुजींनी उतरून पुन्हा चढायचं, म्हणजे नवा डाव सुरू होईल आणि त्याच दमात मॅडम पाटलाचं घर ओलांडून मांडवापर्यंत जातील, असा माझा हिशेब होता.

संध्याकाळी वरात निघाली. गुरुजी पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला निळा फेटा. मॅडमची आयाळ आता मानेवर लोळत होती आणि गुरुजींच्या आईनं तिच्यात झेंडू गुंफला होता. नाल्यापाशी ठरल्याप्रमाणे गुरुजी उतरले, चढले, आणि बँड वाजवत आम्ही गावात शिरलो.

पाटील ओट्यावर बसलेला होता. चार-पाच माणसं आजूबाजूला. कोणी वाट अडवली नाही. सगळे फक्त बघत होते. आणि बरोबर त्याच्या दारापुढे मॅडम थांबल्या.

बँड थोडा पुढे गेला, मागे कोणी नाही हे पाहून परत आला. मी लगाम धरायला पुढे झालो. गुरुजी समोर बघत, हळूच म्हणाले, "राहू द्या, डॉक्टरसाहेब."

लगाम मॅडमच्या मानेवर पडलेला होता.

मी मागे सरलो. बँडवाल्यांनी येत होती ती सगळी गाणी वाजवली आणि मग ते गप्प झाले. पाटलाच्या माणसांची पंचाईत झाली होती. घोडीवर बसून दारापुढून जायचं नाही, असा रिवाज होता. हा जात नव्हता. हा उभा होता, आणि त्याबद्दल रिवाजात काहीच नव्हतं.

तेवढ्यात मागून रानातली गुरं परत आली. त्यांत पाटलाच्या म्हशी. गल्ली अरुंद, मध्ये वरात, म्हशींना पुढे येता येईना. आत गोठ्यात त्यांची वगारं दुधासाठी ओरडायला लागली. घरातून पाटलीणबाईंचा आवाज आला, की म्हशींना येऊ द्या.

पाटील म्हणाला, "काहून थांबले, गुरुजी?"

"मी कुठी थांबलो, पाटील. घोडी थांबली."

"मंग जाईन कशी?"

"कोणी लगाम धरून चार पावलं चालवलं का जाते."

"मंग धरा ना बा कोणी."

गर्दीतून गुरुजींचे वडील पुढे आले. त्यांना बघून गुरुजी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

"बाबा, तुमी नाई."

म्हातारा जागच्या जागी थांबला. पाटलानं आपल्या माणसांकडे पाहिलं. एक जण आढ्याकडे बघत होता, एक जण म्हशींकडे. वगारांनी तर गाव डोक्यावर घेतलं होतं. पाटलीणबाईंनी पुन्हा हाक मारली. ह्या वेळी थेट नवऱ्याचं नाव घेऊन.

पाटील उठला. ओट्याच्या पायऱ्या उतरला आणि त्यानं मॅडमचा लगाम धरला. घाईत जोडे ओट्यावरच राहिले. तो एकेक पाऊल पुढे चालू लागला आणि त्याच्या मागून मान हलवत मॅडम, तिच्यावर ताठ बसलेले तायडे गुरुजी. बँडवाल्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी वाजवायला सुरुवात केली. चार पावलांनी घोडी सुटली असती, पण पाटलाला ते कोणी सांगितलं नाही. तो कोपऱ्यापर्यंत गेला.

गुरुजींचे वडील सगळ्यात मागून आले. पायांत चपला होत्या. मी त्यांच्याशेजारून चालत होतो.

रात्रीच्या पंगतीला मी आणि जज्जसाहेब शेजारी बसलो होतो. वांग्याची भाजी झाली, बुंदी आली.

"डॉक्टर, नाल्यापाशी गुरुजी उतरून चढले होते ना?"

"हो."

"म्हणजे घोडीची वेळ झालेली नव्हती."

"नव्हती."

जज्जसाहेबांनी वाढप्याला थांबवून बुंदी आणखी घेतली.

"ह्या प्रकरणात," ते म्हणाले, "मला साक्षीला बोलावू नका."